मोजक्या चित्रांची श्रीमंती

जपानी ॲनिमे आणि व्हिडिओ गेम यांवर मनापासून प्रेम करणाऱ्या रसिकाला दोन आक्षेप वारंवार ऐकावे लागतात. ॲनिमेमध्ये पात्रे धड हलतच नाहीत, नुसते ओठ हलतात आणि मागचे चित्र सरकत राहते, हा त्यांतला पहिला. आणि जुने गेम आजच्या गेमच्या मानाने ठिपक्याठिपक्यांचे, ओबडधोबड आणि पोरकट दिसतात, हा दुसरा. चित्र जितके जास्त हलेल आणि जितके हुबेहूब दिसेल तितकी कला श्रेष्ठ, ही समजूत दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी आहे, आणि ती इतकी सर्वमान्य झाली आहे की तिची शहानिशा करण्याची गरजही सहसा कोणाला वाटत नाही. या दोन कलांमधील पुष्कळशा उत्तम कृती साधनांच्या टंचाईतून, किंबहुना त्या टंचाईशी कलावंतांनी केलेल्या कल्पक तडजोडीतून घडल्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हे मत रसिकाचे असल्यामुळे त्यात आवडनिवड आहेच. परंतु त्याला गेल्या साठ वर्षांच्या इतिहासाचा आधारही आहे.

पडद्यावरचे चित्र हलते म्हणजे काय, हे आधी पाहणे आवश्यक आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ स्थिरचित्रे डोळ्यांपुढून जातात आणि अशा प्रत्येक स्थिरचित्राला फ्रेम म्हणतात. हाताने काढलेल्या चित्रपटात प्रत्येक फ्रेमसाठी वेगळे चित्र काढले, तर एका सेकंदाला २४ चित्रे लागतात. एकच चित्र सलग दोन फ्रेम वापरले, तर १२ पुरतात. अमेरिकेत डिस्नेच्या चित्रपटांनी हा १२ ते २४ चित्रांचा दर प्रमाण मानला आणि त्यातून येणारी लवचिक, सळसळती हालचाल हीच या कलेची ओळख ठरली. जपानमध्ये १९५६ साली स्थापन झालेल्या तोएई डोगा या संस्थेचा आदर्शही तोच होता, आणि १९५८ साली तिने प्रदर्शित केलेला ‘हाकुजादेन’ हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट त्याच वाटेने गेला होता. मात्र असा चित्रपट करायला मोठा ताफा आणि बराच काळ लागे. दूरचित्रवाणीला दर आठवड्याला नवा भाग हवा होता.

हा पेच ओसामु तेझुका यांनी सोडवला. वैद्यकशास्त्राची पदवी घेतलेले आणि चित्रकथाकार म्हणून आधीच कीर्ती मिळवलेले तेझुका यांनी १९६१ साली मुशी प्रॉडक्शन ही संस्था काढली, आणि १ जानेवारी १९६३ रोजी त्यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही यंत्रबालकाची मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली; भारतासह इतर देशांत हा नायक ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने ओळखला जातो. या मालिकेत एकच चित्र सलग तीन फ्रेम धरून ठेवले जाई, त्यामुळे सेकंदाला फार तर आठ चित्रे लागत, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी काढली जात. पात्र बोलू लागले की चेहरा तसाच ठेवून तोंडाचे दोनतीन आकार आलटूनपालटून दाखवायचे, धावणाऱ्या पात्राऐवजी त्याच्यामागचे दृश्य सरकवायचे, उड्डाणाची एकदा काढलेली चित्रे जपून ठेवून पुढच्या भागांत पुन्हा वापरायची, अशा युक्त्यांवर ही मालिका १९३ भाग चालली. जपून ठेवलेल्या चित्रांच्या या साठ्याला बँक म्हणत. या संपूर्ण पद्धतीला मर्यादित ॲनिमेशन असे नाव आहे, आणि ॲनिमेवर आज घेतला जाणारा पहिला आक्षेप नेमका तिच्यावरच आहे.

आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. हालचाल हाताशी नसल्यामुळे दिग्दर्शकाला कथा सांगण्यासाठी उरलेली सगळी साधने पणाला लावावी लागली: चौकटीची रचना, कॅमेऱ्याचा कोन, एका दृश्यातून दुसऱ्यात जाण्याचा क्षण, आवाज, शांतता. मुशी प्रॉडक्शनमध्ये तयार झालेले ओसामु देझाकी यांनी १९७० सालच्या ‘आशिता नो जो’ या मुष्टियोद्ध्याच्या मालिकेत एक रीत रूढ केली. भावनेच्या ऐन टोकावर दृश्य एकाएकी थांबते आणि त्या थांबलेल्या क्षणाचे जाड, खरखरीत फटकाऱ्यांच्या रंगीत चित्रात रूपांतर होते. हालचालीच्या दृष्टीने पाहिले तर ही निव्वळ काटकसर आहे. परंतु प्रेक्षकाला मात्र काळ थबकल्यासारखे वाटते आणि जो याबुकी या उपेक्षित, हट्टी तरुणाच्या आयुष्यातील तो क्षण आठवणीत कायमचा कोरला जातो. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला हा संकेत समजायला जड जाऊ नये, कारण तमाशाच्या बोर्डावर नटाने एक फेरी मारली की गाव बदलते, हे त्याने पिढ्यानपिढ्या बिनतक्रार स्वीकारले आहे. जे दाखवले जात नाही ते प्रेक्षक स्वतः पुरे करतो.

या परंपरेचे सर्वांत धाडसी रूप हिदेआकी आन्नो यांच्या ‘निऑन जेनेसिस इव्हांगेलियन’ या मालिकेत दिसते, आणि तिच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. गायनॅक्स या संस्थेची ही २६ भागांची मालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात प्रसारित झाली. वरकरणी ती महाकाय यंत्रमानवांची कथा आहे. प्रत्यक्षात वडिलांनी टाकलेला, स्वतःची किंमत शून्य मानणारा शिंजी हा चौदा वर्षांचा मुलगा तिच्या केंद्रस्थानी आहे. मालिका शेवटाकडे आली तेव्हा निर्मितीचे वेळापत्रक पार कोलमडले होते, आणि याच उत्तरार्धात तिची सर्वांत प्रभावी दृश्ये येतात. २२व्या भागात आसुका आणि रेई या दोन मुली एका लिफ्टमधून जात असतात. एक पुढे, एक मागे, दोघींमध्ये काडीचे सख्य नाही. जवळजवळ मिनिटभर चित्र जागचे हलत नाही आणि लिफ्टच्या यंत्राचा एकसुरी आवाज तेवढा ऐकू येत राहतो. चित्रकाराचे मिनिटभराचे काम यात वाचले, हे उघडच आहे. पण त्या मिनिटात पाहणाऱ्याला येणारी घुसमट सेकंदाला २४ चित्रे काढून आली असती का, याचे प्रामाणिक उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. २४व्या भागात शिंजीच्या यंत्राच्या मुठीत त्याचा एकुलता एक मित्र असतो, त्याला मारायचे की नाही हे शिंजीलाच ठरवायचे असते, आणि बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील समूहगान चालू असताना ते एकच चित्र पडद्यावर तसेच राहते. निर्णय घेता न येणे ही अवस्था हालचालीतून दाखवताच येत नाही.

मालिकेच्या अखेरच्या दोन भागांवर त्या काळी मोठी टीका झाली. कच्ची रेखाटने, अक्षरांच्या पाट्या, छायाचित्रे यांतून शिंजीच्या मनातील संवाद तेवढा उलगडतो आणि बाहेरची कथा अर्धवट राहते. पुढे १९९७ साली ‘द एंड ऑफ इव्हांगेलियन’ या चित्रपटाने तीच अखेर भव्य आणि हिंसक रूपात पुन्हा सांगितली. हा चित्रपट तांत्रिकदृष्ट्या अजोड आहे, तरीही मूळ दोन भागच अधिक खरे वाटतात, असे मत येथे आग्रहाने नोंदवावेसे वाटते; कारण स्वतःपासून पळणाऱ्या मुलाच्या मनाची अवस्था त्या तुटक रेखाटनांमध्ये जशी उतरली आहे तशी चित्रपटातील प्रलयात उतरलेली नाही.

व्हिडिओ गेमची कथा याला समांतर आहे, फरक इतकाच की येथे टंचाई चित्रकारांची नसून यंत्राच्या स्मृतीची आणि गतीची होती. तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो या कंपनीसाठी १९७८ साली केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये परग्रहवासीयांच्या ५५ आकृत्या वरून खाली सरकत येतात. एवढ्या आकृत्या एकदम रंगवताना तेव्हाचा प्रोसेसर, म्हणजे यंत्राची आकडेमोड करणारा भाग, मंदावत असे, आणि खेळाडूने शत्रू टिपले की त्याच्यावरचा भार हलका होऊन उरलेले शत्रू भरभर पुढे येत. ही अडचण निशिकादो यांनी दुरुस्त न करता खेळाचा भाग म्हणून तशीच राहू दिली, आणि खेळ जसजसा पुढे जाईल तसतसा कठीण होत जावा, हे आजही पाळले जाणारे सूत्र त्यातून दृढ झाले. शिगेरु मियामोतो यांचा मारिओ प्रथम १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मध्ये आला. पडद्यावरच्या ज्या सर्वांत लहान ठिपक्यांनी चित्र बनते त्यांना पिक्सेल म्हणतात. असे मोजून सोळा उभे आणि सोळा आडवे ठिपके हाताशी असताना तोंड काढणे शक्य नव्हते म्हणून मिशा आल्या, केस उडताना दाखवता येत नव्हते म्हणून टोपी आली, आणि हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून पट्ट्यांची विजार आली. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे; आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कित्येक पट जागा घेतो. त्यातील ढग आणि झुडपे ही एकाच आकृतीची दोन रंगांतील रूपे आहेत, आणि वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांच्याही ते सहसा लक्षात येत नाही. कोजी कोंदो यांनी त्याचे संगीत रचले तेव्हा फॅमिकॉम या यंत्रात एका वेळी पाचच ध्वनी निघू शकत, आणि खेळातील उड्या-नाण्यांच्या आवाजांनाही त्यांतूनच वाटा द्यावा लागे. स्वरांच्या या कमतरतेत टिकायचे तर चाल मनात घर करणारीच असावी लागते.

याच विचाराला निंतेंदोचे गुन्पेई योकोई यांनी सिद्धांताचे रूप दिले होते. जुने, स्वस्त आणि सर्वांच्या परिचयाचे तंत्रज्ञान घेऊन त्याचा नव्या दिशेने उपयोग करावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९८९ साली आलेला त्यांचा गेम बॉय रंगहीन होता, त्याच्या पडद्यावर चारच छटा दिसत. स्पर्धेत उतरलेली रंगीत यंत्रे अधिक आकर्षक होती, पण त्यांच्या बॅटऱ्या काही तासांत संपत आणि गेम बॉय मात्र लांबचा प्रवास पार पाडी. लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद असलेले सातोशी ताजिरी यांनी याच यंत्रासाठी १९९६ साली ‘पोकेमॉन’ रचला. दोन गेम बॉय तारेने जोडून दोन मुलांनी प्राण्यांची अदलाबदल करावी, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना त्या साध्या तारेतूनच सुचलेली आहे.

ॲनिमे आणि गेम यांची नाळ किती जवळची आहे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९८६ सालचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’. युजी होरी यांनी रचलेल्या या गेममधील पात्रे ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकथाकार अकिरा तोरियामा यांनी काढली. पडद्यावर ती ठिपक्यांचे पुंजके म्हणूनच दिसत. तरीही पुस्तिकेतील तोरियामांचे रेखाटन एकदा पाहिलेला मुलगा त्या पुंजक्यांत संपूर्ण पात्र पाहू शके. थेंबाच्या आकाराचा, हसऱ्या तोंडाचा स्लाइम हा त्यातील सर्वांत दुबळा शत्रू अत्यंत कमी रेषांत उभा राहतो आणि तरीही विसरता येत नाही. २०२४ साली तोरियामांचे निधन झाले तेव्हा दोन्ही कलांच्या चाहत्यांनी एकत्र शोक केला, हे स्वाभाविकच होते.

पुढे यंत्रे सामर्थ्यवान झाली, पण वगळण्याची कला लगेच संपली नाही. १९९९ सालच्या ‘सायलेंट हिल’ या भयकथेत संपूर्ण गाव दाट धुक्यात बुडालेले आहे. प्लेस्टेशनला दूरवरचे दृश्य एका वेळी रंगवणे झेपत नव्हते, त्यावरचा हा उपाय होता, आणि भीती नेमकी त्या धुक्यात आहे. याच्या दोन पावले पुढे जाऊन फुमितो उएदा यांनी टंचाईची वाट न पाहता स्वतःहून वगळायला सुरुवात केली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘इको’ या गेममध्ये शिंगे असलेला मुलगा एका ओसाड गढीतून एका मुलीला बाहेर काढतो. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. पडद्यावर गुण दिसत नाहीत, प्राणशक्ती दाखवणारी पट्टी नाही, संगीतही क्वचितच वाजते; एक बटण दाबून धरले की मुलगा मुलीचा हात धरतो आणि सोडले की हात सुटतो. मैत्री आणि जबाबदारी या भावना खेळाडूच्या बोटापर्यंत पोहोचवण्याचा इतका सोपा मार्ग त्याआधी कोणालाही सापडला नव्हता, असे म्हणायला हरकत नाही.

उएदा यांच्याच २००५ सालच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये एका विस्तीर्ण, निर्मनुष्य प्रदेशात फक्त १६ महाकाय प्राणी आहेत. मरण पावलेल्या मुलीला परत मिळवण्यासाठी नायकाने ते मारायचे असतात. वाटेत किरकोळ शत्रू नाहीत, गोळा करायचा खजिना नाही, कोणाचे गाव नाही, केवळ घोड्यावरची दीर्घ रपेट आहे. ही रपेट अनेकांना कंटाळवाणी वाटते आणि ती तक्रार अगदीच निराधार नाही. पण आपण करतो आहोत ते योग्य आहे का, ही शंका खेळाडूच्या मनात मूळ धरते ती त्या रिकाम्या वेळेतच. प्राणी कोसळतो तेव्हा विजयाचा नाद होत नाही. कोऊ ओतानी यांचे शोकाकुल संगीत वाजते, आणि प्रत्येक वधागणिक नायकाचा चेहरा अधिकाधिक निस्तेज होत जातो. नंतरच्या काळात आलेले अनेक महागडे गेम नकाशाचा कोपरान् कोपरा खुणांनी, कामांनी आणि बक्षिसांनी भरून टाकतात. खेळाडूला क्षणभरही मोकळे सोडायचे नाही, या धास्तीने ते रचलेले असतात. त्यांच्या तपशिलांतील मेहनत निर्विवाद आहे, पण तेवढा तपशील पाहूनही मन कोरडेच राहते, अशी तक्रार येथे स्पष्टपणे करणे आवश्यक आहे.

याचा अर्थ भरगच्च हालचालीला काही मोल नाही, असा मात्र घेऊ नये. कात्सुहिरो ओतोमो यांचा १९८८ सालचा ‘अकिरा’ हा तिच्याच जोरावर उभा आहे. त्याच वर्षी आलेल्या हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर तोतोरो’मध्येही चित्रे विपुल आहेत, परंतु पावसात बसथांब्यावर दोन बहिणी वडिलांची वाट पाहत उभ्या राहतात, त्या प्रसंगात कोणतीही घटना घडवण्याची घाई दिग्दर्शकाला नाही. २००१ सालच्या ‘स्पिरिटेड अवे’ला पुढे ऑस्कर मिळाले, आणि त्यातही पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीचा जवळजवळ संवादरहित प्रवास रसिकांना इतर थरारक प्रसंगांहून जवळचा वाटतो. थांबण्याची जाण असेल तर साधने थोडी असोत की भरपूर, दोन्हींचे सोने होते.

मराठी घरांत या कला बहुधा त्यांचे मूळ कळण्यापूर्वीच आल्या. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी लागणारी मोगलीची मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेची होती. तिच्या हिंदी रूपातील शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि त्या आवाजाच्या दराऱ्यामुळे चित्रातील वाघ फारसा हलत नाही याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. त्याच दशकाच्या आरंभी युगो साको यांच्या पुढाकाराने रामायणावरील जपानी-भारतीय ॲनिमेशनपट तयार झाला आणि भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक होते. २०२५ साली तो देशभरच्या चित्रपटगृहांत नव्याने प्रदर्शित झाला. गेमच्या बाबतीत फॅमिकॉमची नक्कल करून बनवलेली, टीव्हीला जोडायची स्वस्त यंत्रे शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून पोहोचली, आणि ज्याला मुले कॅसेट म्हणत त्या डब्यांतून मारिओ व ‘काँट्रा’ घरोघरी आले.

टंचाईच्या या कौतुकाला एक काळी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून ॲनिमेवर प्रेम करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तेझुका यांनी आपली मालिका निर्मितीखर्चापेक्षा कमी दरात दूरचित्रवाणीला दिली आणि ती तूट चित्रे व खेळणी यांच्या विक्रीहक्कांतून भरून काढण्याचा मार्ग धरला. हा स्वस्त दर पुढच्या सर्वांच्या गळ्यात पडला. १९८९ साली तेझुका निवर्तले तेव्हा मियाझाकी यांनी त्यांच्या चित्रकथांविषयी आदर बाळगूनही ॲनिमेशनमधील त्यांच्या या वारशावर कठोर टीका केली, आणि ती आजही लागू पडते. या धंद्यात मुख्य चित्रकार हालचालीच्या महत्त्वाच्या अवस्था काढतो आणि दोन अवस्थांमधील चित्रे कनिष्ठ चित्रकार भरतात. या कनिष्ठांना बहुतेक ठिकाणी काढलेल्या चित्रामागे मोबदला मिळतो आणि तो इतका तुटपुंजा असतो की अनेक गुणी तरुण काही वर्षांत हे काम सोडून जातात. पडद्यावरची काटकसर सुंदर असू शकते. माणसांच्या पगारातली काटकसर सुंदर नसते, आणि दुसरीशिवाय पहिली शक्य नाही असे सांगणाऱ्यांचे म्हणणे खरे नाही.

ते खरे नसल्याचा पुरावा क्योतो ॲनिमेशन या संस्थेने दिला आहे. १९८१ साली रंगकामाची छोटी जागा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने चित्रांच्या नगावर मोबदला देण्याऐवजी चित्रकारांना मासिक पगारावर नेमले, त्यांना स्वतःच शिकवले आणि जवळजवळ सगळे काम एकाच छताखाली ठेवले. जुलै २०१९ मध्ये एका माथेफिरूने तिच्या इमारतीला आग लावली आणि ३६ जणांचा बळी गेला. त्यांत असे कितीतरी चित्रकार होते ज्यांचे नाव प्रेक्षकाने श्रेयनामावलीत कधी वाचलेही नसेल. त्या आधीच्या वर्षी नाओको यामादा यांनी याच संस्थेसाठी ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’ हा चित्रपट केला होता. शाळेच्या वाद्यवृंदातील दोन मैत्रिणींच्या या कथेत मोठी घटना अशी घडतच नाही. कॅमेरा चेहऱ्यांऐवजी पावले, बोटे, मानेवरचे केस यांच्याकडे पाहत राहतो, आणि एका मुलीने दुसरीच्या मागून किती अंतर ठेवून चालायचे, एवढ्यावरून त्यांच्या नात्याचा संपूर्ण तोल कळतो. येथे स्थिरतेमुळे पैसा वाचलेला नाही. केसांच्या बटेची ती अर्धवट हालचाल काढायला निष्णात हात आणि भरपूर वेळ लागतो, आणि ज्यांना महिन्याच्या अखेरीस पगाराची खात्री होती त्यांनाच तेवढा वेळ देता आला.